श्रीहरिकोटा येथील एक वर्ष आणि आपली क्रियापदे

पदव्युत्तर वर्गास परिभाषानिर्मितीचा विषय शिकविताना एक अडचण दरवर्षी उभी राहते. परिभाषा म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर नामांची यादी येते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे संस्कृत धातूपासून घडविलेला मराठी शब्द, आणि दोहोंमध्ये एक आडवी रेघ. यादी पाठ झाली की शास्त्र मराठीत आले, अशी एक सुखद समजूत त्यामागे असते. प्रस्तुत लेखात तिचीच थोडी तपासणी करावयाची आहे, व तीही एका निश्चित कामाच्या संदर्भात. आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथे सतीश धवन अंतराळ केंद्र आहे. या प्रक्षेपणकेंद्रात २०२३ या एका वर्षात जे काम झाले, ते मराठीत सांगू गेल्यास कोणते शब्द उपयोगी पडतात आणि कोणते आडवे येतात, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वाई हे होय. मराठी विश्वकोशाचे कार्यालय सातारा जिल्ह्यातील वाई येथे आहे. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७३ साली परिभाषासंग्रहाचा खंड व १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ज्या राज्यकर्त्याने या कार्यास पाठबळ दिले, ते यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे येथे जन्मले. ते गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. शास्त्राची मराठी घडविण्याचा उद्योग ज्या भूमीत झाला, तेथील विद्यार्थ्याला तिचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहेच.

प्रथम त्या वर्षाचा आढावा घेऊ. २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून आठ उड्डाणे झाली. १० फेब्रुवारीस एसएसएलव्ही या लहान प्रक्षेपकाचे दुसरे उड्डाण झाले. २६ मार्चला एलव्हीएम-३ ने वनवेब या कंपनीचे ३६ उपग्रह नेले. २२ एप्रिल रोजी पीएसएलव्ही-सी५५ सिंगापूरचा टेलिऑस-२ घेऊन गेला, तर २९ मे रोजी जीएसएलव्ही-एफ१२ ने दिशादर्शनाच्या मालिकेतील एनव्हीएस-०१ वर नेला. १४ जुलैला चांद्रयान-३ गेले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ३० जुलैस, पीएसएलव्ही-सी५६ चे उड्डाण झाले. २ सप्टेंबरला आदित्य-एल१ सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. २१ ऑक्टोबर रोजी गगनयानाच्या तयारीतील पहिले चाचणीवाहन उडाले. आठवे उड्डाण कक्षेत काही ठेवण्यासाठी नव्हते. माणसाला संकटातून सोडविण्याची यंत्रणा चालते की नाही, एवढेच त्यात पाहावयाचे होते.

या आठही उड्डाणांचा एकत्रित वेळ काही थोड्या तासांचाच भरेल. चांद्रयान प्रक्षेपकापासून वेगळे होण्यास सुमारे सोळा मिनिटे लागली, तर आदित्यला सुमारे त्रेसष्ट. उरलेले सारे वर्ष वृत्तपत्रांना दिसत नाही. आपल्या भाषेची खरी परीक्षा मात्र त्या न दिसणाऱ्या भागातच होते.

त्या वर्षाला आपण कोणते नाव देतो, हे पाहण्यासारखे आहे. शालेय पाठ्यपुस्तकात 'अवकाश मोहिमा' असे प्रकरण आहे आणि वृत्तपत्रेही 'चांद्रयान मोहीम' असेच लिहितात. 'मोहीम' हा शब्द मूळचा अरबी, पण मराठीत त्याला सैन्याच्या स्वारीचा वास आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, पाऊस ओसरला, नद्यांना उतार पडला, की मोहिमा निघत. सातारच्या गादीचा इतिहास वाचणाऱ्यास हे वेळापत्रक परिचित आहे. श्रीहरिकोट्याचे ऋतुमान याच्या उलट आहे. आपल्याकडे पाऊस संपतो त्या सुमारास तेथे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस सुरू होतात आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचे भय असते. २०२३ मध्ये २१ ऑक्टोबरनंतर थेट १ जानेवारी २०२४ रोजीच पुढचे उड्डाण झाले. यावरून नियम काढू नये, कारण आदल्याच वर्षी २६ नोव्हेंबरला पीएसएलव्ही-सी५४ उडाला होता. तरीही 'मोहीम' हा शब्द मला येथे योग्य वाटतो. त्यात जमवाजमव आहे, रसद आहे, आघाडी आणि पिछाडी आहे. मुख्य म्हणजे प्रत्यक्ष लढाईचा दिवस हा मोहिमेतला एकच दिवस असतो, ही जाणीव त्या शब्दात मुरलेली आहे.

ती जमवाजमव कशी चालते, हे थोड्या विस्ताराने सांगितले पाहिजे. केंद्रात दोन प्रक्षेपणतळ आहेत. पहिल्या तळावर प्रक्षेपक जागेवरच उभा करीत. त्याच्याभोवती एक फिरता मनोरा असे, त्याच्या आश्रयाने एकावर एक टप्पे चढविले जात आणि उड्डाणापूर्वी मनोरा मागे सरे. दुसऱ्या तळाची रीत निराळी. तेथे जोडणी वेगळ्या उंच इमारतीत होते आणि उभा प्रक्षेपक आपल्या चौथऱ्यासकट रुळांवरून तळाकडे नेला जातो. पहिल्या रीतीत जोडणी चालू असेतोवर तळ अडून राहतो, हा तिचा उघड तोटा होय. म्हणून पीएसएलव्हीसाठी जोडणीची स्वतंत्र इमारत उभारण्यात आली, आणि २२ एप्रिल २०२३ चे उड्डाण हे त्या इमारतीत जोडणी झालेले पहिले उड्डाण ठरले. एका वर्षात अधिक उड्डाणे व्हावयाची, तर मुख्य प्रश्न तळ किती दिवस अडतो हा असतो. ही गोष्ट सांगण्यास 'अडणे', 'मोकळा होणे', 'जोडणे', 'सरकणे' ही घरगुती क्रियापदे पुरी पडली, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

'टप्पा' या शब्दाचेही तेच. प्रक्षेपकाच्या भागांना मराठीने 'टप्पा' म्हटले, आणि यादीतील कोणत्याही संस्कृतोद्भव शब्दापेक्षा हा शब्द अधिक बोलका ठरला. जुन्या प्रवासात एका टप्प्यावर दमलेले जनावर सोडून ताज्या जनावरावर पुढची मजल मारीत. प्रक्षेपकातही तेच घडते. एलव्हीएम-३ चे वजन सुमारे ६४० टन असते. त्याच्या दोन्ही बाजूंस घन द्रव्याचे दोन मोठे टप्पे बसविलेले असतात आणि जमिनीवरून तेच त्याला उचलतात. चांद्रयान-३ च्या उड्डाणात १०८ सेकंदांच्या सुमारास मधला द्रवरूप टप्पा पेटला, १२७ सेकंदांच्या सुमारास बाजूचे दोन्ही रिकामे होऊन गळून पडले, आणि पाच मिनिटांनंतर वरचा अतिशीत टप्पा पेटला. या शेवटच्या टप्प्यातील द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. प्रत्येक वेळी मागे टाकले जाते ते रिकामे ओझे होय. ते वाहत राहिल्यास चंद्राकडे जाण्याइतका वेग येणारच नाही.

बाजूचे ते मोठे टप्पे भरण्याचे काम श्रीहरिकोट्यातच होते. एकेकात दोनशे टनांहून अधिक द्रव्य असते. येथे वृत्तपत्रीय मराठी एक चूक सातत्याने करते. ती या द्रव्यास 'घन इंधन' म्हणते. इंधन म्हणजे जळणारा पदार्थ. चुलीतील लाकूड हे इंधन, पण त्याला जाळणारा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून येतो. प्रक्षेपक हवेबाहेर जावयाचा असतो, म्हणून जाळणारे द्रव्यही त्याला बरोबरच न्यावे लागते. या टप्प्यात ॲल्युमिनियमची भुकटी व रबरासारखा बांधक पदार्थ हे जळतात, आणि अमोनियम परक्लोरेट त्यांना ऑक्सिजन पुरविते. तिन्ही मिळून एकजीव मिश्रण होते. जळण आणि जाळणारे द्रव्य एकत्र असलेल्या अशा मिश्रणास मराठीत पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे 'दारू'. बंदुकीच्या दारूत कोळसा व गंधक जळतात, सोरा ऑक्सिजन देतो. कल्पना अगदी तीच आहे. परंतु आज कोणी मथळ्यात 'चांद्रयानास चारशे टन दारू' असे छापले, तर त्याचा अर्थ साऱ्या जिल्ह्यात काय होईल, हे मी सांगावयास नको. शब्द अर्थाने अचूक असून व्यवहाराने निकामी झाला, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यास मला सापडलेले नाही.

दारूवरून बाणाकडे येणे ओघानेच प्राप्त होते. जुन्या पिढीच्या लेखकांनी रॉकेटास 'अग्निबाण' म्हटले. पुढील परिभाषाकारांना तो शब्द काव्यमय वाटला असावा. त्यांनी 'प्रक्षेपक' आणि 'प्रक्षेपण' हे शब्द रूढ केले. या दोन शब्दांची तुलना करण्यासारखी आहे. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. फेकलेल्या वस्तूस फेकणाऱ्याचा जोर एकदाच मिळतो, त्यानंतर तिची स्वतःची काही करणी नसते. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभा राहिलेला माणूस गोफणीतून दगड भिरकावतो, ते खरे प्रक्षेपण. रॉकेट असे नव्हे. ते आपल्या पोटातील द्रव्य जाळून वायू मागे लोटते आणि त्या लोटण्याची प्रतिक्रिया त्याला क्षणोक्षणी पुढे ढकलते. त्याला कोणी फेकलेले नसते. उलट, अठराव्या शतकातील मराठी लेखनात 'बाण' हा शब्द धनुष्याच्या बाणाप्रमाणेच दारूने उडणाऱ्या अस्त्रासही लावलेला आढळतो, आणि दिवाळीतला बाण तर आजही प्रत्येक मुलाच्या परिचयाचा आहे. म्हणजे ज्या शब्दास आपण काव्यमय म्हणून बाजूस सारले, तोच यंत्राच्या वर्तनाशी अधिक प्रामाणिक होता.

मी हा युक्तिवाद वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने मांडला, तेव्हा पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन भाषाशास्त्राकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने मला शांतपणे अडविले. तिचे म्हणणे असे, की सोळाव्या मिनिटाला वरचा टप्पा विझतो आणि यान वेगळे होते, त्या क्षणी यानाचा वेग सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर असतो. त्यापुढे यान स्वतःची इंजिने पेटवीत नाही तोपर्यंत ते फेकलेला दगडच असते. ते पृथ्वीभोवती पडत असते, पण वेगामुळे जमिनीवर मात्र आदळत नाही. कक्षा ती हीच. तेव्हा 'प्रक्षेपण' हा शब्द चुकीचा नाही. तो पहिल्या सेकंदाचे वर्णन नसून शेवटच्या सेकंदाचे आहे. मला हे मान्य करावे लागले. तेव्हापासून मी वर्गात सांगतो, की अग्निबाण उडतो आणि प्रक्षेपण पूर्ण होते. दोन्ही शब्द हवेत, पण ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

त्याच चर्चेत खटाव तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, की आपल्याकडे कोकणची एवढी लांब किनारपट्टी असता उपग्रह तिकडे पूर्वेस जाऊन का सोडावयाचे? प्रश्न भाषेचा नव्हता, पण उत्तर देणे आवश्यक होते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेस उडणाऱ्या प्रक्षेपकास तिची गती आयतीच मिळते, जणू तो गोफणीच्या टोकाशी बसला आहे. ही आयती गती विषुववृत्तावर सर्वाधिक, सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असते, आणि ध्रुवांकडे कमी कमी होत जाते. श्रीहरिकोट्याला ती सुमारे ४५२ मीटर भरते, सांगलीस सुमारे ४४५ आणि साताऱ्यास सुमारे ४४३. म्हणजे या कसोटीवर साताऱ्याचा तोटा सेकंदाला नऊ मीटरांचा, जवळजवळ नगण्यच. खरे कारण खालच्या भूमीत आहे. रत्नागिरीहून पूर्वेस बाण सोडल्यास त्याच्या वाटेखाली सह्याद्री, सातारा, सांगली, सोलापूर अशी वस्तीची रांग येते, आणि गळणारे टप्पे कोठे तरी पडणारच. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस उपसागर मोकळा आहे, आणि बेटाच्या पश्चिमेस पुलिकतचे सरोवर असल्याने मागच्या बाजूसही वस्ती दूर राहते. थुंबा व श्रीहरिकोटा या दोन्ही जागांच्या निवडीत ज्यांचा हात होता, ते एकनाथ चिटणीस आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे. ही माहिती दिल्यावर त्या विद्यार्थ्याचे कोकणाविषयीचे दुःख काहीसे हलके झाले. दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत जावयाचे असता श्रीहरिकोट्यालाही अडचण आहेच. वाटेत श्रीलंका येते, म्हणून प्रक्षेपकाला वळण घेऊन जावे लागते आणि वळणात शक्ती खर्च होते. लहान प्रक्षेपकांसाठी तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या केंद्राची पायाभरणी झाली, ती याच कारणाने.

आता 'सुटणे' या क्रियापदाकडे येऊ. 'उपग्रह सोडला', 'रॉकेट सुटले' असे आपण सहज म्हणतो. 'सोडणे' सकर्मक, 'सुटणे' अकर्मक. 'फोडणे–फुटणे', 'तोडणे–तुटणे' यांच्या रांगेतली ही जोडी. अकर्मक रूपात कर्ता गळतो आणि बंधनाची कल्पना तेवढी उरते. गाडी सुटते, शाळा सुटते, गाठ सुटते, बाण सुटतो. प्रत्येक ठिकाणी काहीतरी धरून ठेवलेले होते, ते आता नाही. श्रीहरिकोट्याच्या संदर्भात हा अर्थभेद फार उपयोगी आहे. घन टप्पा एकदा पेटला की विझविता येत नाही, तो सुटला म्हणजे सुटलाच. द्रव टप्प्याचे तसे नसते. त्याचे इंजिन पेटवून, क्षणभर तपासून, बंदही करता येते.

२१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हा फरक सर्वांच्या डोळ्यांदेखत आला. त्या चाचणीवाहनाचे इंजिन द्रवरूप होते. उड्डाणाची वेळ आठवरून साडेआठ, साडेआठवरून पावणेनऊ अशी पुढे गेली, आणि मोजणीतील पाच सेकंद उरली असता संगणकाने आपणहून ती रोखली. आमच्या अध्यापककक्षात एक सहकारी "रद्द झाले" असे म्हणून उठले व वर्गावर गेले. दोष निरीक्षणाच्या व्यवस्थेत असल्याचे आढळले, तो दूर करण्यात आला आणि दहा वाजता वाहन उडाले. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर सुटकेची यंत्रणा वेगळी झाली, आणि रिकामी कुपी छत्र्यांच्या आधाराने किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर समुद्रात उतरली. सहकारी वर्गावरून परतले तेव्हा सारे आटोपले होते.

त्यांचा दोष नव्हता, शब्दाचा होता. मोजणी थांबणे यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. 'रद्द' म्हणजे आता नाहीच. 'तहकूब' हा कचेरीतला शब्द, अधिकाऱ्याने निर्णय घेऊन काम पुढील तारखेवर टाकले असा. 'खोळंबा' कोणाच्याही इच्छेविना होतो, जसा घाटात दरड कोसळल्यावर. 'रोखणे' यात मात्र रोखणारा जागा असतो, आणि रोखलेले काम पुन्हा सुरू होण्याच्या स्थितीत असते. त्या सकाळी जे झाले, त्यास 'रोखणे' हेच क्रियापद लागू पडते. उलट मोजणीचे मर्मही यातच आहे. ती घड्याळाची वेळ नव्हे. चांद्रयानाच्या वेळी साडेपंचवीस तास चाललेली मोजणी म्हणजे पूर्वी ठरविलेल्या कामांची एक माळ होती. टाक्या भरणे, दाब पाहणे, विद्युत्‌प्रवाह बाहेरून आत वळविणे, असा एकेक मणी ओढला जातो. घड्याळ चालू असताही ही मोजणी थांबू शकते.

अपयशाच्या बाबतीत हीच काळजी अधिक कठोरपणे घ्यावी लागते. एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. तिन्ही घन टप्पे जळले, पण दुसरा टप्पा वेगळा होताना जी कंपने उठली, त्यांनी वेगवृद्धी मोजणारी उपकरणे काही क्षण भांबावली. संगणकाने ती निकामी झाल्याचा निष्कर्ष काढला आणि उपग्रह सुमारे ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत ठेवले गेले. ७६ किलोमीटरवर हवेचा अडथळा असतो. तेथे उपग्रह टिकत नाही. 'उपग्रह कक्षेत पोहोचले नाहीत' हे विधान त्यामुळे अपुरे आहे, आणि 'रॉकेट कोसळले' हे तर सर्वस्वी असत्य. बाण सरळ गेला, पण त्याने स्वतःला अधू समजून घेतले, असेच येथे म्हणावे लागेल. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच जातीच्या प्रक्षेपकाने सुमारे ४५० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत तीन उपग्रह ठेवले. त्यांतील आझादीसॅट-२ मध्ये देशभरातील सुमारे ७५० विद्यार्थिनींच्या हातचे काम होते. फेब्रुवारीतले यश ज्याला समजावयाचे आहे, त्याला ऑगस्टमध्ये नेमके काय बिघडले हे मराठीतच कळले पाहिजे. जत किंवा माण तालुक्यात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलगी पुढे अभियांत्रिकीस जाते, तेव्हा तिच्याजवळ 'प्रक्षेपक', 'कक्षा', 'मुक्तिवेग' ही नामे असतात. दोषाचे वर्णन करणारे वाक्य मात्र तिला कोणी शिकविलेले नसते.

एक शब्द राहिला, तो म्हणजे साऱ्या विषयाचे नावच. विश्वकोशाने 'अवकाशविज्ञान' असे शीर्षक दिले व पाठ्यपुस्तकाने 'अवकाश' स्वीकारले. संस्थेच्या नावात मात्र आपण 'अंतराळ' म्हणतो आणि हिंदी 'अंतरिक्ष' म्हणते. मराठीत 'अवकाश' म्हणजे सवडही. 'उड्डाणास अवकाश आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि श्रीहरिकोट्यात दोन्ही खरे असतात. 'अंतराळी' याचा जुना अर्थ 'अधांतरी, आधारावाचून'. भाराचा भास हरपून तरंगणाऱ्या यानास तो चांगला शोभतो. वाईने निवडलेला शब्द शास्त्रदृष्ट्या व्यापक आहे, पण कोरेगावच्या आठवडी बाजारात मी तो या अर्थाने कधी ऐकलेला नाही. तेथे ऑगस्टच्या २३ तारखेस चांद्रयान उतरल्यानंतर ऐकू आले ते एवढेच, "टेकलं एकदाचं." 'अवतरण' या शब्दाची शिफारस करणाऱ्यांनी 'टेकणे' या क्रियापदाचा एकवार विचार करावा. पाय जमिनीला हळूच लागणे आणि भार तिच्यावर सोपविणे, हे दोन्ही त्यात आहे. यानाच्या पायांना नेमके तेच करावयाचे होते.